पहिली-दुसरीच्या मुलांना इंग्रजी बोलतं कसं करायचं?

मॅडम, परवा आपल्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत तुम्ही प्रश्न विचारलात तेव्हा जेवणाची सुट्टी संपत आली होती, लगेच पुढचा विषय सुरू झाला आणि तुम्हाला धड उत्तर मिळालंच नाही. प्रश्न महत्त्वाचा आहे, आपल्या गुहागर-दापोलीकडच्या जवळजवळ प्रत्येक वाडीवरच्या शाळेचा आहे, म्हणून आता बसून सविस्तर लिहिते.

तुम्ही म्हणालात की शाळा द्विशिक्षकी, पहिली-दुसरी एकत्र, पट 18. मुलांना कविता ॲक्शनसकट येतात, ए टू झेड येतं, रंग, फळं, प्राणी सगळं घडाघडा येतं, पण 'हाऊ आर यू' सोडून काही विचारलं की वर्ग गप्प. 'हाऊ इज युवर मदर' विचारलं तरी सगळे एका सुरात 'आय ॲम फाइन, थँक्यू'. आणि पालक म्हणतात की खाली रस्त्यावर इंग्लिश मीडियमची गाडी येते, पुढच्या वर्षी तिकडेच घालू. म्हणून तुम्हाला तीन गोष्टी हव्यात, सुरुवात कुठून करायची, वर्गात मराठी बंद करायची का, आणि चुका सुधारायच्या की सोडून द्यायच्या.

आधी एक सांगते, मुलांमध्ये काही कमी नाही आणि तुमच्या इंग्रजीतही नाही. ती मुलं बोलत नाहीत कारण त्यांना बोलायला कारणच नाहीये. आपण हातात पेन धरतो आणि विचारतो 'व्हॉट इज धिस?' पेन सगळ्यांना दिसतंय, बाईंनाही दिसतंय, मग सांगायचं कोणाला आणि कशाला? मुलं 'इट इज अ पेन' म्हणतात ते बाईंना बरं वाटावं म्हणून. हे बोलणं नव्हे, ही हजेरी झाली. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे, मुलाला इंग्रजीत काहीतरी मिळवायचं असलं, सांगायचं असलं, शोधून काढायचं असलं तरच ते तोंड उघडतं, आणि ही गरज रोज थोडी थोडी तयार करणं हेच शिक्षकाचं काम.

पण त्याच्याही आधी ऐकणं. आपल्या मुलांच्या घरी इंग्रजी ऐकायला मिळत नाही, टीव्हीवरच्या जाहिराती आणि क्रिकेट सोडलं तर. म्हणजे जे काही कानावर पडेल ते तुमच्याच तोंडून. बाळ सुद्धा वर्षभर नुसतं ऐकतं आणि मग पहिला शब्द बोलतं, आपण मात्र पहिलीच्या पहिल्या आठवड्यात 'रिपीट आफ्टर मी' सुरू करतो. स्टीफन क्रॅशन नावाच्या भाषातज्ज्ञांनी याला सायलेंट पीरियड म्हटलंय, नवी भाषा शिकणारं मूल काही काळ नुसतं ऐकतं, समजून घेतं, बोलत नाही, आणि तो काळ वाया गेलेला नसतो. म्हणून 15 जूनला शाळा उघडल्यापासून गणपतीच्या सुट्टीपर्यंत मी पहिलीच्या एकाही मुलाला जबरदस्तीने बोलायला लावत नाही. स्वतःहून बोललं तर आनंदच, पण मागायचं नाही.

मग त्या दोन-अडीच महिन्यांत करायचं काय, तर आज्ञा द्यायच्या आणि मुलांनी अंगाने उत्तर द्यायचं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी 1960 च्या दशकात ही पद्धत मांडली, टोटल फिजिकल रिस्पॉन्स, डीएडला तुम्ही नाव वाचलं असेलच. त्यांनी सुरुवातीला जपानी भाषा अशी शिकवून पाहिली होती, नुसत्या आज्ञा ऐकायच्या आणि हालचाल करायची. पुस्तकात हे दोन ओळींत उरकलेलं असतं म्हणून आपण 'स्टँड अप, सिट डाऊन' एवढं करून थांबतो. खरी मजा त्याच्या पुढे आहे.

समजा वर्गात मोकळी जागा आहे, बेंच नाहीत, सतरंजी आहे. पहिल्या दिवशी मी स्वतः करते आणि माझ्याबरोबर दोन दुसरीची मुलं. 'वॉक टू द डोअर.' आम्ही चालतो. 'टच द डोअर.' 'वॉक टू द विंडो.' 'टच द विंडो.' 'जंप.' मराठीत एक अक्षर सांगत नाही, गरजच पडत नाही. दोन-तीन वेळा झालं की मी नुसतं बोलते, करत नाही, मुलं करतात. मग पूर्ण वर्ग, मग चौघं-चौघं, मग ज्याला यायचंय तो एकटा. तिसऱ्या दिवशी वस्तू येतात, दप्तर, छत्री, चप्पल, पाण्याची बाटली. 'पिक अप द अम्ब्रेला.' 'पुट द अम्ब्रेला ऑन द टेबल.' आणि मग मुलांनी कधीच न ऐकलेलं वाक्य टाकायचं, 'पुट द बॉटल ऑन युवर हेड.' एक क्षण शांतता, मग एखाद्याच्या चेहऱ्यावर कळल्याचं हसू येतं आणि बाटली डोक्यावर जाते, सगळा वर्ग खिदळतो. हे न ऐकलेलं वाक्य फार महत्त्वाचं आहे. बाटली माहीत आहे, डोकं माहीत आहे, 'पुट ऑन' माहीत आहे, पण जोडणी नवी आहे आणि तरी कळली, म्हणजे मूल पाठ केलेलं ओकत नाहीये, भाषा समजतंय. रोज असं एखादं तरी वाक्य द्याच.

आणि मग एक दिवस येतो की मुलं म्हणतात बाई मी सांगतो. त्यांना सांगू द्या! बाईंना दारापर्यंत चालायला लावायचं, बाईंना उडी मारायला लावायची, याच्याएवढं मोठं कारण सहा वर्षांच्या मुलाला बोलायला कुठलं मिळणार? पहिलं खरं बोलणं बहुतेक वेळा इथेच फुटतं. 'बाई, टच द... टच द फ्लोअर!' मी लगेच वाकून जमिनीला हात लावते. त्याने बोललं आणि जग हललं, एवढं त्याला कळलं की पुढचं सोपं जातं.

जुलैत आपल्याकडे पत्र्यावर पाऊस असा कोसळतो की शेजारचं बोललेलं ऐकू येत नाही. ज्यांच्या वर्गाला पत्रे आहेत त्यांनी अशा दिवशी ओरडून इंग्रजी शिकवू नये, घसा जातो आणि मुलांच्या कानावर धड काही पडत नाही. त्या वेळी गोल करून जवळ बसवायचं, कानात सांगायचं, पहिल्याने दुसऱ्याच्या कानात, असं शेवटपर्यंत, आणि शेवटच्याने ती आज्ञा करून दाखवायची. खेळ जुनाच आहे पण पावसात उत्तम चालतो आणि लाजरी मुलंही यात बोलतात, कारण एकाच्याच कानात बोलायचं असतं.

दुसरी गोष्ट, दिवसातली चार-पाच ठरलेली कामं इंग्रजीतच करायची, आणि ती रोज, विसरायची नाही. हजेरी, पाणी प्यायला जाणं, हात धुवायला रांग, खिचडी वाढताना, घरी जाताना. सगळा दिवस इंग्रजी असा अट्टहास नको, तो आठवडाभर टिकतो आणि सुटतो. एका वेळी एकच काम धरा, ते अंगवळणी पडलं की दुसरं. हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायला लावण्यापेक्षा एक प्रश्न ठेवा, आज काय खाऊन आलात. मी नाव घेते, मूल म्हणतं 'पोहे', 'भाकरी', 'टी अँड बटर', पुढे पुढे 'आय एट भाकरी अँड फिश'. बाईंना खरंच माहीत नसतं कोण काय खाऊन आलंय, म्हणून हा खरा प्रश्न आहे. आणि खिचडीच्या रांगेत तर सोनं आहे, 'मोअर राइस, प्लीज', 'नो चिली', 'अ लिट्ल', 'इनफ'. ताटात हवं तेवढंच पडायला हवं असेल तर बोलायलाच लागतं ना. आहार शिजवणाऱ्या ताईंनाही चार शब्द शिकवून ठेवा, त्या हौसेने 'मोअर?' विचारतात आणि मुलांना त्याचं फार अप्रूप वाटतं. फक्त एक कटाक्षाने पाळा, इंग्रजीत नाही मागितलं म्हणून कुठल्याही मुलाचा घास किंवा पाणी अडवायचं नाही, लघवीला जायची परवानगी तर अजिबात नाही. भाषेची भीती बसायला तेवढं एक कारण पुरतं.

आता तो पिशवीचा खेळ, जो मी परिषदेत अर्धाच सांगितला. एक कापडी पिशवी घ्या. पिशवीत वस्तू तुम्ही घालायची नाही, एका मुलाने घरून किंवा वाटेवरून आणून लपवायची, तुम्हालाही माहीत नको. आपल्याकडे काय येतं, शिंपला, सुपारी, काजूची बी, रातांबा, माडाची करवंटी, कधी जाळ्याचा तुकडा. ज्याने आणलं तो पुढे उभा आणि बाकी सगळे त्याला विचारणार, तुम्ही सुद्धा. सुरुवातीला प्रश्न दोनच साच्यांचे, 'इज इट बिग?' आणि 'इज इट अ...?' उत्तर फक्त येस किंवा नो. माझ्या वर्गात हा खेळ साधारण असा जातो.

'इज इट बिग?' 'नो.' 'इज इट हार्ड?' 'येस.' 'इज इट अ स्टोन?' 'नो.' 'इज इट व्हाइट?' 'नो.' 'इज इट... बाई, खातात का ते कसं विचारायचं?' 'कॅन यू ईट इट?' 'कॅन यू ईट इट?' 'येस... नो... बाई, आधी भाजायला लागतं!' आणि सगळे एकदम, 'कॅशू! कॅशू!'

बघा इथे काय झालं. 'कॅन यू ईट इट' हे वाक्य त्या मुलाने मागून घेतलं, मी शिकवलं नाही. ज्या क्षणी हवं होतं त्या क्षणी मिळालं म्हणून ते राहतं. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य दुसरं मूल वापरतं. फळ्यावर 'कॅन' चं कोष्टक मांडून हे होत नाही, निदान या वयात तरी नाही. आणि ज्याच्या हातात पिशवी आहे तो वर्गातला सगळ्यात अबोल मुलगा असला तरी चालतो, कारण त्याला 'येस-नो' एवढंच बोलायचंय, पण गुपित त्याच्याकडे आहे, मान त्याला आहे. मी मुद्दाम अशाच मुलांना आधी पिशवी देते.

वस्तूंवरून शब्दांबद्दल बोलते. पुस्तकात ॲपल आहे, ठीक आहे, पण आपल्या मुलांच्या हातात रोज जे असतं त्याचे शब्द आधी द्या. बोट, नेट, क्रॅब, प्रॉन, कोकोनट, जॅकफ्रूट, मँगो, वेल, टाइड. बंदरावरच्या खारव्यांच्या मुलांना मासळीतलं आपल्यापेक्षा जास्त कळतं, बांगड्याला मॅकरेल म्हणतात हे त्यांना सांगितलं की ती घरी जाऊन बापाला सांगतात. आणि ज्याला इंग्रजी शब्द उगाच शोधायला लागेल त्याला शोधू नका. 'आय लाइक घावणे', 'माय आजी मेड सोलकढी' ही चांगली इंग्रजी वाक्यं आहेत, मुलाला स्वतःचं काहीतरी सांगायचं होतं आणि ते त्याने सांगितलं.

मराठी बंद करायची का, याचं माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. काही ठिकाणी मराठी बोललं की दंड, बिल्ला, उभं करणं असले प्रकार चालतात, त्याने मूल इंग्रजी बोलत नाही, फक्त बोलायचं थांबतं. जिम कमिन्स या अभ्यासकांनी 1979 मध्ये मांडलं की पहिल्या भाषेत कमावलेली समज दुसऱ्या भाषेला उपयोगी पडते, दोन्ही एकमेकींच्या जिवावर वाढतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत शिकण्याचं माध्यम मातृभाषा किंवा घरची भाषा असावी असंच म्हटलंय. आणि घरची भाषा म्हणजे पुस्तकातली मराठीच असं नाही, मुलाच्या तोंडी जी बोली आहे ती. एखादं मूल म्हणालं, 'बाई, माजी पेन्सिल दिसत नाय', तर 'नीट बोल' म्हणू नका आणि 'इंग्लिशमध्ये बोल' पण म्हणू नका. तुम्ही उत्तर इंग्रजीत द्या, 'ओह, युवर पेन्सिल? लुक अंडर द बॅग.' आणि दप्तराकडे बोट. ते त्याच्या भाषेत बोललं, तुम्ही तुमच्या, आणि पेन्सिल सापडली. असं महिनाभर चाललं की ते मूल आपोआप म्हणतं 'बाई, पेन्सिल नो', आणि तिथून गाडी पुढे जाते.

मराठी कुठे वापरायची तर नव्या खेळाचे नियम सांगताना, कोणी रडत असेल तेव्हा, भांडण सोडवताना. कुठे नाही वापरायची तर प्रत्येक शब्दाचं भाषांतर करताना. 'डॉग म्हणजे कुत्रा, कॅट म्हणजे मांजर' हे आपण सगळेच सुरात म्हणत आलोय, पण त्यात मूल वाट बघतं ती फक्त मराठी शब्दाची, इंग्रजी कानाआड करतं. चित्र दाखवा, वस्तू दाखवा, हावभाव करा, तरी नाही कळलं तर एकदाच मराठी शब्द सांगा आणि पुढे चला.

एक युक्ति सगळ्यांना सांगते, मोज्याची बाहुली. जुना मोजा, दोन बटणांचे डोळे, बस. तिला मराठी येत नाही, एवढंच मुलांना सांगायचं. सहा-सात वर्षांची मुलं हे अगदी मनापासून मानतात. बाईंशी इंग्रजी बोलणं त्यांना खोटं वाटतं, कारण बाईंना मराठी येतं हे त्यांना माहीत असतं. बाहुलीशी मात्र बोलायचं तर इंग्रजीतच बोलायला लागणार! बाहुली चुकते सुद्धा, आंब्याला बनाना म्हणते, आणि मुलं ओरडून तिला दुरुस्त करतात, 'नो, नो, मँगो!'

आता चुका. तुम्ही म्हणालात की वरून तपासणीला कोणी आलं आणि मूल चुकीचं बोललं तर बरं दिसत नाही. मला तुमची अडचण कळते, तरी सांगते, वाक्याच्या मध्ये तोडू नका. मूल म्हणालं 'आय बीच गो', तर त्याने आपल्या भाषेतली रचना घेतली, कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. डोकं चालवूनच बोललं ते. तुम्ही फक्त उत्सुकतेने म्हणा, 'यू वेंट टू द बीच? हू वेंट विथ यू?' बरोबर रूप कानावर पडलं, संभाषण पुढे गेलं, मूल म्हणालं 'माय पप्पा'. 'वाव, यू वेंट विथ युवर पप्पा.' परत तेच रूप कानावर पडलं. याला रीकास्ट म्हणतात. पहिल्याच वेळी ते सुधारणार नाही, पाचव्यांदा नाही, पण 'वेंट' त्याच्या कानात साठत राहतं. 'ही गो', दोन पुस्तकांना 'टू बुक', 'अ' नि 'द' गाळणं, ही सगळी या वयात सोडून द्यायची. अर्थच उलटा होत असेल, 'ही' च्या जागी 'शी' येऊन कोणाबद्दल बोलतोय तेच कळत नसेल, तेवढंच हलक्या हाताने धरा.

उच्चाराबाबत दोन गोष्टी करा, बाकी साहेबी थाट नकोच. एक म्हणजे 'शिप' आणि 'शीप' सारखे जोड. आपल्या बोलण्यात इ लांब का आखूड याने अर्थ क्वचितच बदलतो, त्यामुळे मुलांच्या कानाला तो फरक शोधायची सवय नसते. मी म्हणते 'शीप', मुलांनी हात पसरायचे, 'शिप' म्हटलं की टाळी. आधी कानाने ओळखू दे, म्हणायला नंतर. दुसरं म्हणजे शब्दातला जोर. 'बनाना' म्हणताना मधल्या 'ना' वर जोर, तिथे पाय आपटायचा, 'टोमॅटो' ला सुद्धा मधे, 'एलिफंट' ला पहिल्यावर. झेड आपल्या मुलांना जड जात नाही, 'जवळ' मधला ज त्यांच्या तोंडात असतोच, तिथून 'झू' वर नेलं की झालं. तुमचा स्वतःचा उच्चार कोकणी वळणाचा असला तर असू दे, स्पष्ट आणि नैसर्गिक वेगाने बोललात की पुरे, फक्त 'सिट... डाऊन... प्लीज' असं शब्द तोडून बोलू नका, खऱ्या बोलण्यात कोणी तसं बोलत नाही.

व्याकरण वेगळं शिकवायचं नाही, अख्खे तुकडे द्यायचे. 'माय टर्न', 'युवर टर्न', 'आय डोन्ट नो', 'लेट मी सी', 'गिव्ह इट टू मी', 'हेल्प मी, प्लीज', 'फिनिश्ड'. यातला 'माय टर्न' सगळ्यात आधी रुजतो, कारण खेळात तो लागतोच लागतो. माझ्याकडे एक मुलगी दिवाळीपर्यंत इंग्रजीत चकार शब्द बोलत नव्हती, आज्ञा मात्र सगळ्या बरोबर पाळायची. पिशवीच्या खेळात एकाने तिचा नंबर घेतला तर ताडकन उठून म्हणाली, 'नॉट युवर टर्न! माय टर्न!' 'नॉट युवर टर्न' हे मी कधी शिकवलं नव्हतं. तिने तुकडा घेतला, मोडला आणि नवीन जोडला. मुलांचं व्याकरण हे असंच तयार होतं.

गोष्टीसाठी विकतची पुस्तकं लागतातच असं नाही. पुळणीवर शंखात राहणारा खेकडा सगळ्यांनी बघितलेला असतो, त्याची गोष्ट करा. त्याचा शंख लहान झाला, तो नवीन घर शोधतोय. करवंटीपाशी जातो, 'इज धिस माय हाऊस? नो, टू बिग.' काडेपेटीपाशी जातो, 'इज धिस माय हाऊस? नो, टू स्मॉल.' चप्पल, डबा, होडी. शेवटी रिकामा शंख, 'इज धिस माय हाऊस? येस!' चित्रं फळ्यावर खडूने काढली तरी चालतील. सोमवारी तुम्ही सांगा, मंगळवारी तीच सांगा, बुधवारपर्यंत 'इज धिस माय हाऊस' ही ओळ मुलांची झालेली असते, गुरुवारी करवंटी-चप्पल घेऊन नाटक, शुक्रवारी मुलांनी नवीन घरं सुचवायची. कोणी म्हणेल टिफिन, कोणी म्हणेल बाईंची पर्स. एकच गोष्ट आठवडाभर घेतली तर मुलं कंटाळतील अशी भीती आपल्याला असते, मुलांना कंटाळा येत नाही, त्यांना पुढचं वाक्य आधीच माहीत असण्यात आनंद असतो.

दोन वर्ग एकत्र आहेत याची काळजी करू नका, बोलण्याच्या तासाला ते फायद्याचंच आहे. दुसरीने विचारायचं, पहिलीने करून दाखवायचं किंवा एका शब्दात सांगायचं. आणि 40 मिनिटांचा एक सलग तास घेण्यापेक्षा सकाळी 15 मिनिटं आणि जेवणानंतर 15 मिनिटं असं तोडा, या वयाचं मूल त्यापुढे ऐकत नाही.

लिहिणं-वाचणं यात आणू नका. ए-बी-सी आणि स्पेलिंग त्याच्या तासाला होऊ दे, बोलण्याच्या वेळी वही बंद. वाचता येत नाही म्हणून बोलायचं थांबलेलं मूल आपल्याकडे फार दिसतं, आणि त्याला ते बंधन आपणच घातलेलं असतं. टीव्हीवर कविता लावायच्या असतील तर सलग लावून आपण रजिस्टर भरायला बसायचं नाही, मध्ये थांबवून विचारायचं, 'वेअर इज द कॅट?', 'व्हॉट नेक्स्ट?' नुसतं बघून मुलं सुरात गातात आणि तिथेच थांबतात, तुमच्या शाळेत आता तेच झालंय.

नोंद कशी ठेवायची तर प्रत्येक मुलाला एक पान. तारीख टाकायची आणि त्याने स्वतःहून काय म्हटलं ते जसंच्या तसं लिहायचं, चुकीसकट. जूनमध्ये पान कोरं असेल, 'आज्ञा कळतात' एवढंच लिहा. ऑगस्टमध्ये एखादा शब्द. दिवाळीनंतर तुकडे. फेब्रुवारीत कोणाच्या पानावर 'व्हाय यू आर सॅड, बाई?' असं काही असेल. पालक आले की मार्क दाखवू नका, हे पान दाखवा.

पालकांबद्दल थोडं मोकळेपणाने बोलते, कारण खरी धाकधूक तिथेच आहे. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी येतात, मुंबईची भावंडं इंग्रजीत दोन वाक्यं बोलतात आणि घरचे लगेच म्हणतात, बघ तो कसा फाडफाड बोलतो. मूल तेव्हापासून मिटतं. पालकांना एक माहिती आवर्जून द्या, महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळेत पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे आपली मुलं पहिल्या दिवसापासून इंग्रजी शिकतातच, माध्यम बदललं म्हणजे बोलणं येतं असं नाही, बोलायला मिळालं तर बोलणं येतं. आणि हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून पालक सभेच्या दिवशी पाठ केलेलं भाषण मुलांकडून म्हणवून घेऊ नका, पिशवीचा खेळ लावा. वस्तू एखाद्या पालकाला लपवायला सांगा. मुलं त्यांना इंग्रजीत प्रश्न विचारतील, आई 'येस-नो' म्हणेल, हसेल, आणि तिला कळेल की हे पाठ केलेलं नाहीये. गणपतीच्या सुट्टीत लेखी अभ्यासाऐवजी एवढंच द्या, मुंबईच्या भावंडाबरोबर पिशवीचा खेळ खेळून यायचं. तिथे तुमचं मूल खेळ शिकवणारं असेल.

सोमवारी सुरुवात करायची तर फक्त 'वॉक टू', 'टच' आणि 'जंप' घ्या, आणि वस्तू म्हणून दार, खिडकी, भिंत, जमीन एवढंच. आदल्या रात्री मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून एकदा ऐका, वेग फार हळू तर नाही ना बघा. मंगळवारी तेच परत, बुधवारी छत्री आणि बाटली आणा. 'हाऊ आर यू' पंधरा दिवस विचारूच नका, त्याऐवजी मोज्याची बाहुली हातात घालून एकेकाला 'आर यू हंग्री?' विचारा, जेवणाच्या सुट्टीआधी पाच मिनिटं. तिथे सगळा वर्ग एका सुरात उत्तर देणार नाही, कारण कोणी आणलेला डबा आधीच्या छोट्या सुट्टीतच संपवलेला असतो आणि कोणाला खिचडीचा वास आलेला असतो. पुढच्या परिषदेला त्या मुलांच्या पानांच्या वह्या घेऊन या, आपण दोघी बसून बघू कोणाला पुढे काय द्यायचं.